धोक्याचे पाच हजार

वाचकाचं पत्र :

‘आमचे हे बोईसरला एका औषध कंपनीत पॅकिंगला आहेत, थेट कंपनीच्या रोलवर. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 17,000, घरभाडं 1,500. पाळी आठ तासांची, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. आता तारापूर एमआयडीसीतल्या दुसऱ्या कारखान्यात नायट्रेशनच्या रिॲक्टरवर ऑपरेटर म्हणून ठेकेदाराकडून बोलावणं आलंय. मूळ आणि महागाई 18,000, ‘धोका भत्ता’ 4,000, घरभाडं 1,500, एकूण 23,500. पाळी बारा तासांची, आठवड्याला एक सुट्टी. ह्यांना तीस पूर्ण झालीत, आयटीआयला एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा कोर्स) केलंय. आम्हाला चार वर्षांची मुलगी आहे. हे म्हणतात, धोका आहे म्हणूनच जास्त देतात ना, महिन्याला पाच हजार कोण देतं? पण तिथं जाणारे एक शेजारी आहेत, त्यांच्या कपड्यांना बूट पॉलिशसारखा वास येतो. माझं मन घेत नाही. काय करावं?’

उत्तर :

ताई, तुमच्या ह्यांचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. जोखमीच्या, घाणीच्या, कष्टाच्या कामाला मजुरी जास्त पडते हा विचार जुना आहे. अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथने 1776 सालीच लिहून ठेवलंय की न्यूकॅसलचा कोळसा खणणारा मजूर साध्या मजुराच्या दुप्पट कमावतो आणि स्कॉटलंडच्या बऱ्याच भागांत तिप्पट. तुमच्या ह्यांना मिळणार आहेत सव्वापटीहून थोडे जास्त. पण त्याआधी हे पाच हजार नक्की कशाचे आहेत ते बघू, कारण ‘धोका भत्ता’ असं नाव लिहिलं म्हणून ते पैसे धोक्याचेच असतात असं नाही.

पहिला हिशेब तासांचा. आता 18,500 रुपये महिन्याच्या 26 दिवसांचे, रोज आठ तास, म्हणजे 208 तासांचे. तासाला 89 रुपये. नव्या जागी 23,500 रुपये 26 दिवसांचे, रोज बारा तास, म्हणजे 312 तासांचे. तासाला 75 रुपये. पगार वाढला असं दिसतंय, पण मजुरी तासामागे चौदा रुपयांनी उतरलीय, आणि तीही कमी धोक्याच्या कामावरून जास्त धोक्याच्या कामावर जाताना.

कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर लागतो. ह्यांच्या आजच्या 17,000 वरच मोजा: दिवसाचे 654, तासाचे 82 च्या आसपास, दुपटीने 163. चार जादा तासांचे 654, म्हणजे आणखी एक पूर्ण हजेरी. जेवणाचा आणि चहाचा मिळून एक तास वजा केला तरी उरलेल्या तीन तासांचे महिन्याला 12,700 च्या वर होतात. ठेकेदार देतोय पाच हजार. थोडक्यात, धोक्याचे पैसे राहू द्या, ओव्हरटाइमचेच निम्म्याहून जास्त बुडतायत. शिवाय आठवड्याचे सहा दिवस बारा तास म्हणजे 72 तास, आणि आठवड्याची मर्यादा 48 ची आहे. बारा तासांची पाळी चालवायची तर चार दिवसांत आठवडा संपायला हवा. ‘बारा तास असतात पण मधे आराम असतो’ असं कुणी सांगितलं, तर त्या आरामाच्या वेळेत गेटबाहेर पडता येतं का, एवढंच विचारा.

दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा, आणि हा सहसा कुणी घरात बसून करत नाही. ईएसआयची मर्यादा महिन्याला 21,000 रुपये वेतनाची आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये वेतनाची जी व्याख्या आहे तीत घरभाडं, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम हे (एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंत) वगळलेले आहेत. धोका भत्ता मात्र वगळण्याच्या यादीत नाही. तेव्हा नव्या जागी वेतन होतं 18,000 अधिक 4,000, म्हणजे 22,000. हजार रुपयांनी तुमचं कुटुंब ईएसआयच्या बाहेर, आणि तेही पहिल्याच दिवसापासून. महिन्याला 128 रुपये कापायचे वाचतील. गेलं काय ते पाहा.

आज ईएसआयमध्ये असताना कामावर काही बरंवाईट झालं, तर घरच्यांना वेतनाच्या सुमारे 90 टक्के दरमहा मिळतात. 17,000 वर ते 15,300 होतात. त्यातले तीन पंचमांश, म्हणजे 9,180, तुम्हाला हयातभर (पुनर्विवाह केला तर बंद) आणि दोन पंचमांश, म्हणजे 6,120, मुलीला लग्न होईपर्यंत. महागाईप्रमाणे ईएसआयचं महामंडळ ही रक्कम अधूनमधून वाढवतं. जखमी झाले तर घरी बसल्या दिवसांचे 90 टक्के वेतन, आणि तुम्हा तिघांचं दवाखान्याचं सगळं त्यातच.

ईएसआय नसेल तेव्हा 1923 च्या भरपाई कायद्याचं सूत्र लागतं. ते आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय. मृत्यू झाल्यास महिन्याच्या वेतनाचे 50 टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. तीस वर्षांना तो 207.98 आहे. पण इथं एक मेख आहे: सूत्रात वेतन कितीही असलं तरी 15,000 च्या वर धरत नाहीत. जानेवारी 2020 मध्ये ही मर्यादा 8,000 वरून 15,000 केली गेली. म्हणून हिशेब 7,500 गुणिले 207.98, बरोबर 15,59,850 रुपये, एकरकमी. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्क्यांनी 18,71,820.

साडेपंधरा लाख बँकेत ठेवले तर सहा-साडेसहा टक्क्यांनी महिन्याला आठ हजारांच्या आसपास व्याज येतं. मुद्दल हातात राहते हे खरं, पण दरमहाची रक्कम 15,300 च्या जागी आठ हजार, आणि ती कधी वाढत नाही. आणखी एक, जे मला सगळ्यात चीड आणतं: त्या 4,000 च्या धोका भत्त्याचा भरपाईच्या सूत्रात एक पैसाही धरला जात नाही. ज्या धोक्याचा भत्ता, तो धोका खरा झाला की भत्त्याचं नाव गायब.

आता मूळ प्रश्नाकडे. धोक्याला बाजारात भाव मिळतो का? अर्थशास्त्रातला हिशेब असा. समजा एखाद्या कामात वर्षाला हजारात एक माणूस जास्त दगावतो (हा आकडा उदाहरणापुरता). प्रत्येकाला धोक्यापोटी वर्षाला 60,000 जास्त मिळतात. हजार माणसांचे झाले सहा कोटी. म्हणजे कंपनी एका जिवामागे सहा कोटी मजुरीत मोजतेय. मग कुणी मालक म्हणेल, दोन कोटींची सुरक्षा यंत्रणा बसवून धोका निम्म्यावर आणला तर भत्ता निम्मा करता येईल, एक कोटी तरी वाचतील. वाढीव मजुरीचं खरं काम हे आहे: ती मालकाला सुरक्षेवर खर्च करायला भाग पाडते. विधवेला पैसे पुरवणं हे तिचं काम नाही, ते विम्याचं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस पाच हजारांकडे बघून म्हणतो, ‘काही झालंच तर पैसे मिळालेत की.’

पण हा भाव ठरायला तीन गोष्टी लागतात: धोका किती हे कामगाराला माहीत असणं, नाही म्हणायला दुसरी नोकरी असणं, आणि जास्त मागितलं म्हणून उद्या गेट बंद न होणं. ठेकेदाराच्या कामात बहुधा तिन्ही नसतात. जॉन स्टुअर्ट मिल या अर्थतज्ज्ञाने 1848 मध्ये स्मिथला हेच उत्तर दिलं होतं की सगळ्यात किळसवाणी, थकवणारी कामं उलट सगळ्यात कमी मजुरीत होतात, कारण ती करणाऱ्यांना दुसरं काही मिळत नाही. आपल्याकडे गटारात उतरणाऱ्यांकडे पाहा. जातीने त्यांच्या हाती दिलेलं काम, जिवावरचं, आणि मजुरी सगळ्यांत खालची. त्यांच्या जिवाची किंमत बाजाराने कधी वाढवली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबाला 10 लाख ठरवले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ते 30 लाख केले.

तुमच्या ह्यांची गोष्ट वेगळी आहे आणि हे त्यांना सांगा. हातात एओसीपीचं प्रमाणपत्र आहे, सध्याची नोकरी आहे, ईएसआय आहे. नाही म्हणता येतंय. जास्त मागण्याची ताकद त्यातूनच येते, आणि राजीनामा दिला की ती संपते. म्हणून जे काही बोलायचं ते राजीनाम्याआधी.

धोका नक्की कसला आहे तेही समजून घ्या, कारण नायट्रेशन हे साधं ‘केमिकलचं काम’ नव्हे. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं मिश्रण रिॲक्टरमधल्या (क्रिया होते त्या टाकीतल्या) सेंद्रिय द्रवात थोडं थोडं सोडतात. या क्रियेत उष्णता प्रचंड निघते, ती थंड पाण्याने किंवा ब्राइनने (गार केलेल्या खाऱ्या पाण्याने) सतत काढावी लागते. आम्ल आणि द्रव आपणहून मिसळत नाहीत, ॲजिटेटर (आतला ढवळणारा पंखा) फिरत राहिला तरच मिसळतात. घात इथं होतो: वीज जाते किंवा मोटर ट्रिप होते, ॲजिटेटर थांबतो, आम्लाचं डोझिंग (थोडं थोडं सोडणं) मात्र चालूच राहतं. आम्ल वेगळ्या थरात साठतं. तापमान उलट उतरतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग कुणीतरी ॲजिटेटर परत चालू करतो, साठलेलं सगळं आम्ल एका दमात भिडतं, आणि कूलिंगला आवरत नाही. बॅच लवकर उरकायची म्हणून डोझिंगचा वेग वाढवणं हे दुसरं कारण. बारा तासांच्या पाळीत, पहाटे चारला, असा निर्णय ऑपरेटरच घेत असतो. तासांचा हिशेब मी आधी केला तो नुसता पैशांसाठी नव्हता.

म्हणून होकार देण्याआधी ह्यांनी एकदा प्लांट आतून बघायचा आणि ऑपरेटरलाच विचारायचं, सुपरवायझरला नव्हे. ॲजिटेटर थांबला की डोझिंगचा व्हॉल्व आपोआप बंद होतो का? तो इंटरलॉक शेवटचा कधी तपासला? कधी बायपास करतात का? (करतात, आणि लोक ते मोकळेपणाने सांगतात.) ॲजिटेटर आणि कूलिंगच्या पंपाला जनरेटरची वीज मिळते का, किती सेकंदांत? तापमान हाताबाहेर गेलं तर रिॲक्टर रिकामा करायला खाली पाण्याची डंप टाकी आहे का? रप्चर डिस्कची (दाब वाढला की फुटणाऱ्या झाकणाची) वाट कुठं निघते, माणसं चालतात त्या बाजूला तर नाही? ॲजिटेटर बंद पडून सुरू करायची वेळ आली तर काय करायचं हे मराठीत किंवा हिंदीत लिहून भिंतीवर लावलंय का? यातल्या दोन प्रश्नांना ‘बघू, सांगतो’ असं उत्तर आलं, तर पगार कितीही असो, परत यावं. यंत्रातली ही खोट कुठल्याही भत्त्याने भरून निघत नाही.

बूट पॉलिशच्या वासाबद्दल तुमचं नाक बरोबर आहे. तसा वास नायट्रोबेन्झिनचा असतो, काहींना तो कडू बदामासारखा वाटतो. त्याच्या वाफा श्वासातून जातातच, शिवाय द्रव कातडीतूनही आत शिरतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्यामुळे प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचं राहत नाही. ओठ, नखं निळसर-राखाडी दिसतात, डोकं दुखतं, दम लागतो. कामावरून आल्यावर दारू घेतली तर त्रास वाढतो. शेजाऱ्यांना हे जरूर सांगा. कामाचे कपडे कारखान्यातच बदलून तिथंच धुतले गेले पाहिजेत. ते घरी येतात म्हणजे तिथं तशी सोय नाही, आणि हीच कारखान्याची एक परीक्षा झाली. असे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, मुलीला त्यांच्याशी खेळू देऊ नका. ओठ निळे दिसले तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, थेट रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना रसायनाचं नाव सांगा. त्यावरचं औषध वेगळं असतं आणि नाव कळल्याशिवाय ते सुचत नाही.

दुसरा धोका तांबूस-तपकिरी धुराचा. हा नायट्रोजनच्या ऑक्साइडचा वायू. छातीत गेला की आधी नुसता खोकला येतो, मग बरं वाटतं, माणूस घरी येऊन जेवून झोपतो, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरतं. ‘थोडा धूर लागला, आता ठीक आहे’ असं म्हणत कुणी घरी आला तर झोपू देऊ नका, रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवा.

माझं मत विचाराल तर, आज जी ऑफर आहे तिला नाही म्हणावं. पण प्लांट नीट असेल, तर उलट बोलणी करता येतात, आणि ती अशी. पाळी आठ तासांची, किंवा जादा तास दुपटीने पगारस्लिपवर. नेमणूक कंपनीच्या रोलवर. ते जमणार नसेल तर नेमणूकपत्र आणि ठेकेदाराचा परवाना डोळ्यांनी बघायचा. ठेकेदार उद्या पळाला तरी मूळ कंपनीची भरपाईची जबाबदारी सुटत नाही, पण ह्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसेल तर ते सिद्ध करायला वर्षं जातात.

पगाराच्या मांडणीबद्दल एक युक्ती. एकूण 23,500 तेच ठेवा, पण वेतन 20,900 आणि घरभाडं 2,600 असं मांडायला सांगा. मग ईएसआय टिकतो. कंपनीला त्यापोटी 3.25 टक्के, म्हणजे महिन्याला 679 रुपये पडतील. तेवढ्यावरून कुणी अडला तर त्याची नियत कळते. ईएसआयसाठी नक्की कोणता आकडा धरणार हे कंपनीच्या एचआरकडून लेखी घ्या. वेतन 21,000 च्या वर नेणारच असतील, तर कंपनीच्या खर्चाने किमान 25 ते 30 लाखांचा गट अपघात विमा आणि कुटुंबाचा मेडिक्लेम मागा, आणि पॉलिसीची प्रत घरी आणा. काही अपघात पॉलिसी स्फोटाचं किंवा घातक रसायनांचं काम वगळतात, ते कलम शोधून वाचा. स्वतंत्र टर्म विमा घेताना पेशा ‘केमिकल प्लांट ऑपरेटर, नायट्रेशन’ असाच लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण ‘पॅकिंग’ लिहून वाचवलेले पैसे दावा नाकारला की काहीच कामाचे नाहीत.

स्वस्तातले विमे तर आजच्या नोकरीतही घ्यावेत. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो. पीएफ असेल तर त्याला जोडलेला विमा अडीच लाखांपासून सात लाखांपर्यंत असतो, त्यासाठी वेगळं काही भरावं लागत नाही. मात्र ऑनलाइन नामनिर्देशन भरलेलं असू द्या. कितीतरी घरांत तिथं अजून लग्नाआधीचं आईवडिलांचं नाव असतं किंवा काहीच नसतं. ह्यांचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) घेऊन ते आधी तपासा.

कामावर रुजू होताना वैद्यकीय तपासणी होते, तिच्या अहवालाची प्रत मागून घ्या. भोपाळनंतर 1987 साली कारखाना कायद्यात बदल झाले, तेव्हापासून घातक प्रक्रियेतल्या कामगाराला आपल्या आरोग्याच्या नोंदी बघण्याचा आणि धोका समोर दिसला तर तो वरिष्ठांना कळवण्याचा हक्क आहे. पहिल्या दिवशीचं रक्त कसं होतं याचा कागदच नसेल, तर पाच वर्षांनी बिघाड कामामुळे झाला हे दाखवणं अवघड जातं. अपघात झालाच तर कंपनीच्या अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नोंद करून घ्यायची. मृत्यूच्या भरपाईचे पैसे परस्पर हातात देऊन ‘मिटवलं’ असं लिहून घेतात, ते कायद्याला मान्य नाही. रक्कम भरपाईच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडेच (पूर्वीचे भरपाई आयुक्त) जमा व्हावी लागते, आणि महिन्याभरात केली नाही तर 12 टक्के व्याज लागतं.

ठेकेदाराला फोन ह्यांनीच करायचा, पण कागद-पेन्सिल घेऊन तुम्ही शेजारी बसा. पहिला प्रश्न तासांचा, दुसरा ईएसआयचा, तिसरा प्लांट बघायला कधी येऊ याचा. रक्कम शेवटी.